आंगुस्तियासचा नवस

गेल्या ऑगस्टात आमच्या जिन्यात एक बातमी फिरत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या लीतानं म्हणे आपल्या गरोदर सुनेला उंबरा ओलांडू दिला नाही, कारण सून होणाऱ्या मुलीला आजीचं नाव ठेवायला तयार नाही. तळमजल्यावरच्या मारिबेलनं तर त्यात फोडणीही घातली: लीतानं सुनेवर झारा उगारला!

बातमी साफ खोटी. मी लीताच्या समोरच्या दारात राहते. आमच्या दोन दारांमध्ये एक पायपुसणं मावेल एवढीच जागा आहे, झारा उगारला असता तर आधी मला लागला असता. झालं होतं ते बरोबर उलटं. मुलगी होणार हे सांगायला सून आली, तेव्हा लीतानं तिला दारातच गाठलं आणि म्हणाली, "हे बघ, माझं नाव ठेवायचं नाही. काय वाट्टेल ते ठेवा, पातेल्याचं नाव ठेवा, पण माझं नको." एवढं बोलून ती आत गेली, इस्त्री करायला लागली, आणि सुनेला आत बोलवायचं विसरली. बिचारी नुरिया पोट सांभाळत पायपुसण्यावर उभी. मारिबेलनं खालून मान वर करून तेवढंच पाहिलं, बाकीचं तिच्या झाऱ्यानं भरून काढलं.

मी कोन्सुएलो. म्हणजे दिलासा. आमच्या ग्रानादात माझ्या वयाच्या बायकांची नावं अशीच, सगळी देवमातेच्या बिरुदांवरून आलेली. शाळेत दुःख, एकटेपण, दिलासा आणि उपाय अशा चौघी एका बाकावर बसायचो, आणि त्यातल्या उपायाला साधी बेरीज जमत नव्हती. आता रस्त्यावरच्या गाळ्यात माझं केस कापायचं दुकान आहे. लोक केस टाकून जातात, बातम्या टाकून जातात. केस मी झाडून काढते.

लीताचं खरं नाव आंगुस्तियास. आमच्या गावच्या देवमातेचं नाव. कारेरा रस्त्यावर तिचं मोठं चर्च आहे, आत ती क्रुसासमोर बसलेली, मांडीवर मेलेला लेक. त्या आईच्या जिवाची जी घालमेल झाली असेल, तिचं नाव आंगुस्तियास. एकच घालमेल नव्हे, अनेक. ग्रानादाबाहेर हे नाव सांगितलं की लोक हळहळतात. आमच्याकडे दगड मारला तर एखाद्या आंगुस्तियासला लागतो, आणि बाकीच्या चार धावत येतात.

पण लीतानं हे नाव कधी वापरलंच नाही. सतराव्या वर्षी ती एका मिठाईच्या दुकानात कामाला लागली. मालक म्हणाला, "पोरी, लोक इथे लग्नाचा केक घ्यायला येतात. गल्ल्यावर मी घालमेल बसवून ठेवू?" त्यानं तिचं आंखेलेस केलं, म्हणजे देवदूत. आंखेलेसची आंखेलिता झाली, तिची लीता. दुकान सुटलं, मालक गेला, नवरा गेला, लीता राहिली. दारावर पाटी आंखेलेसची, टपालपेटीवर आंखेलेसच. मी समोरच्या घरात सून म्हणून आले, त्यानंतर मला तिचं खरं नाव दोन वर्षांनी कळलं, तेही तिच्या नवऱ्याच्या मृत्यूच्या कागदावर. या जिन्यात एखादी गोष्ट दोन वर्षं लपून राहते म्हणजे बघा.

नाव वापरलं नाही, तरी नावाचा गुण काही सुटला नाही, असं मी तिला नेहमी चिडवायचे. कारण ही बाई बसत नाही. जेवते मोरीपाशी उभी राहून. टीव्ही बघते कपडे घडी करत. बाजारातून एका खेपेत येईल तेवढं सामान दोन खेपांत आणते, कारण एक खेप म्हणजे तिला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. भिंतीपलीकडून मला दिवसभर तिच्या सपातांचा आवाज येतो, खोलीपासून खोलीपर्यंत, खोलीपासून खोलीपर्यंत.

ऑगस्टात त्या सपाता थांबेचनात.

तिला एका जागी बसवायचा उपाय फक्त माझ्याकडे आहे: केसांना रंग. रंग लावला की अर्धा तास हलता येत नाही. तर त्या दिवशी मी तिच्या डोक्याला रंग फासला, वर प्लास्टिकची टोपी चढवली आणि म्हटलं, "आता बोल. सून आवडत नाही का?"

"सून चांगली आहे."

"मग नाव मनापासून हवंय आणि तोंडानं नको म्हणतेस. असंच ना?"

"तुला काही कळत नाही, कोन्सुएलो."

"मग कळव की. मला काय, तुझे केस अजून पंचवीस मिनिटं माझ्याकडे गहाण आहेत."

तिनं आरशात माझ्याकडे पाहिलं, आणि मग ते बाहेर आलं. तिचा मुलगा सेसिलिओ चार वर्षांचा असताना मेंदूज्वरानं हॉस्पिटलात पडला होता. डॉक्टर तिला आत येऊ देत नव्हते. ती तशीच कारेरावर चालत गेली, देवमातेसमोर उभी राहिली आणि म्हणाली, माझं पोर घरी येऊ दे, आमच्या घरात जी पहिली मुलगी जन्मेल तिला तुझं नाव देईन. पोर घरी आलं. पुढे तिला मूल झालं नाही. सेसिलिओनं चाळिशी ओलांडेपर्यंत लग्न केलं नाही. नवस आपला झोपून राहिला, आणि आता नुरियाच्या पोटात जागा झाला होता.

"मग ठेवा की नाव," मी म्हटलं. "देवीला दिलेला शब्द राहील, सून दोन दिवस रुसेल."

"आणि पोरीचं काय?" लीता म्हणाली. "माझी आजी आंगुस्तियास. तिचे दोन मुलगे तिच्या डोळ्यांसमोर गेले. माझी आई आंगुस्तियास. बाप जर्मनीला कामाला गेला तो परत आला नाही, आणि ती मरेपर्यंत दर संध्याकाळी बसच्या थांब्यावर जायची. मग मी. माझं तू बघतेच आहेस. हे मी त्या तान्ह्या पोरीच्या गळ्यात अडकवू? आणि नाही अडकवलं, तर तिच्यावर नवसाचा दोष. सांग, कुठं जाऊ?"

मी हातातला कंगवा खाली ठेवला. ही गोष्ट क्वचित होते, म्हणून मी नमूद करते.

"फादरकडे जाते," असं म्हणून ती उठली.

"अगं, डोक्यावर रंग आहे!"

पण ती टोपीसकट रस्त्यावर. मी दुकान उघडं टाकून मागे. आमच्या वस्तीचं चर्च दोन गल्ल्या पलीकडे आहे, पण त्या दोन गल्ल्यांत सगळा बाजार लागतो. मासेवाल्यानं विचारलं, "लीता, पाऊस येणार आहे का?" ती थांबली नाही.

फादर एलोय चर्चच्या मागच्या स्वयंपाकघरात दुधी भोपळ्याएवढं एक खरबूज कापत होते. त्यांनी टोपीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि खुर्ची पुढे केली. लीता बसली नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फादर खरबुजाच्या फोडी करत ऐकत होते. मग सुरी बाजूला ठेवून म्हणाले, "आधी एक सांगतो. हा शब्द जुन्या लॅटिनमधला. मूळ अर्थ अरुंद जागा. डोंगरात वाट चिंचोळी होते ना, तशी. छाती आवळून येते, श्वास अडकतो, तिथून घालमेल हा अर्थ आला. त्यात शाप वगैरे काही..."

"फादर, मला लॅटिन नकोय. मला सुटका हवीय."

"बरं. मग सुटकेचं बघू. सून काय नाव ठेवणार म्हणते?"

"आल्बा."

फादरांचा चेहरा उजळला. "आल्बा! पहाट. अगं, तेही देवमातेचंच बिरुद आहे. उत्तरेला पहाटेच्या मातेची देवळं आहेत. तुझ्या सुनेचं नुरिया, तेही तिचंच, तिकडे कातालोनियाच्या डोंगरातलं. देवमातेचं नाव मारिया, ती एकच. बाकी सगळी तिची बिरुदं. म्हणजे आल्बा ठेवलं की नवस फिटला!"

मला वाटलं, सुटलो. मी टोपीकडे बोट दाखवून लीताला खुणावलं. पण लीता जागची हलली नाही, म्हणजे हलत होती, पण जायला नाही.

"फादर," ती म्हणाली, "मी कातालोनियातल्या कुठल्या बाईशी बोलले नव्हते. पहाटवालीला तर मी ओळखतही नाही. मी कारेरावरच्या आपल्या हिच्याशी बोलले होते. शब्द या शेजारणीला द्यायचा आणि दुसऱ्या गल्लीतल्या बाईकडे पाळायचा, असं असतं का?"

फादर एलोय शिकलेले आहेत, रोमला जाऊन आलेत. पण ते मूळचे इथलेच. आई आंगुस्तियास, बहीण आंगुस्तियास. त्यांनी डोकं खाजवलं. "नाही," ते म्हणाले. "असं नसतं."

मग त्यांनी दुसरी वाट दाखवली. नवस बदलून देता येतो. पण बदल्यात द्यायचं ते करणाऱ्याला तितकंच जड गेलं पाहिजे. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी देवमातेची मिरवणूक निघते, तिच्यामागे लोक मेणबत्ती घेऊन चालतात, कुणी कुणी अनवाणी. "तू अनवाणी चाल," फादर म्हणाले. "संपायला मध्यरात्र होते, दगडी रस्ते आहेत, तुझं वय झालंय. पुरे होईल."

दुकानात परत येईपर्यंत रंगाला तास उलटून गेला होता. धुतल्यावर केस निघाले ते गाजरासारखे. दोन आठवडे लीता आमच्या वस्तीत दुरून ओळखू यायची. मारिबेलनं त्याचीही बातमी केली: म्हातारपणी प्रेमात पडली!

आता निदान सपाता थांबतील असं मला वाटलं. सपाता थांबल्या खऱ्या. पण त्यांच्या जागी अनवाणी पावलांचा आवाज यायला लागला, फट् फट् फट्, खोलीपासून खोलीपर्यंत. बाई सराव करत होती! जिन्यानं वर-खाली, गच्चीच्या तापलेल्या फरशीवर. आणि चेहरा अजून ओढलेलाच.

सप्टेंबर लागला. फळबाजारात बोरं, कवठाएवढी सफरचंदी पिवळी मेंब्रियो, सगळं दिसायला लागलं. लीता दरवर्षी या दिवसांत देवमातेच्या नावानं खातात त्या भोपळ्याच्या मुरंब्याच्या गोड भाकऱ्या करते. अख्ख्या जिन्याला वाटते. एका शनिवारी तिनं मला लाटायला बोलावलं होतं, भट्टी तापलेली होती, आणि सेसिलिओ नुरियाला घेऊन आला.

नुरिया उत्तरेकडची, सासूला अहो-जाहो करते. तिच्या मते तो मान. आमच्याकडे सुनेनं असं बोललं की परकेपणा वाटतो.

"तुम्ही अनवाणी का आहात?" तिनं विचारलं.

"गरम होतंय," लीता म्हणाली.

"नवस आहे," मी म्हणाले. तोंडात भाकरीचं पीठ होतं तरी म्हणाले.

लीतानं माझ्याकडे असं पाहिलं की भट्टी थंड वाटली. पण आता सांगणं भाग होतं. तिनं सगळं सांगितलं, हॉस्पिटल, शब्द, आजी, आई. सेसिलिओ स्वतःच्या जिवाची ही किंमत पहिल्यांदाच ऐकत होता. तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, आणि तिथून काही हलला नाही.

नुरियानं खुर्ची ओढली आणि बसली. "म्हणजे नाव ठेवलं तर पोरीच्या नशिबी तुमच्या आजीसारखं. नाही ठेवलं तर देवीचा कोप. दोन्हीकडून माझ्याच पोरीवर. आणि हे मला शेजारीण सांगणार."

"शेजारीण आणखीही बरंच सांगू शकते," मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

"मला वाटत होतं तुम्हाला मी आवडत नाही," नुरिया म्हणाली. "मी आले की तुम्ही कधी माझ्याजवळ बसत नाही."

"मी कुणाजवळच बसत नाही, बाळा."

"तर मी आता स्पष्टच सांगते. मुलीचं नाव आल्बा. मला आवडतं म्हणून आल्बा, तुम्ही घाबरता म्हणून नाही. तुमचं आणि तुमच्या देवीचं काय ते तुम्ही मिटवा. पण माझी मुलगी येईल तोवर मिटलेलं हवं."

"मी चालणार आहे ना अनवाणी," लीता म्हणाली. "फादरांनी सांगितलंय." पण आवाजात जोर नव्हता. परातीभोवती एक फेरी मारून ती माझ्याकडे वळली. "ते मला जड जातच नाहीये, कोन्सुएलो. तिथंच सगळं अडलंय. मिठाईच्या दुकानात मी संगमरवरी फरशीवर उभ्यानं जन्म काढला. मला चालायला सांगणं म्हणजे शिक्षा आहे का? देवमातेला कळणार नाही का?"

आता मी कशी आहे ते तुम्हाला माहीत झालंय. कुणी असं तोंड पाडून उभं राहिलं की माझी जीभ शिवशिवते.

"तुला जड काय जातं ते मला विचार," मी म्हटलं. "तुला चालणं जड नाही, उपास जड नाही, बोलणं तर मुळीच नाही. तुला एकच गोष्ट जड जाते. खालच्या टपालपेटीवर स्वतःचं नाव लिही. दारावर लिही. मासेवाल्याला सांग की उद्यापासून मला आंगुस्तियास म्हण. बघू किती पावलं जातेस."

मी थट्टा केली होती. पण लीता थांबली. परातीपाशी, पिठाचे हात तसेच. मग तिनं मागे न बघता हातानं स्टूल चाचपलं आणि बसली. या स्वयंपाकघरात तिला बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो आणि भट्टीतल्या भाकऱ्या करपल्या.

"हे खरंच जड आहे," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी तिनं फादर एलोयना फोन केला. मी दारात उभी होते, अर्थातच. अनवाणी चालण्याऐवजी स्वतःच आंगुस्तियास हे नाव वापरलं तर नवस फिटेल का, असं तिनं विचारलं. फादर म्हणाले, "मिरवणुकीपेक्षा हे मोठं आहे. झेपेल?" लीता म्हणाली, "झेपलं नाही तर तुम्हाला आधीच कळेल, मारिबेल सांगेल."

मारिबेलनं सांगितलंच, पण भलतंच. टपालपेटीवर नवी चिठ्ठी दिसताच तिनं जिनाभर केलं की लीतानं घर कुणा आंगुस्तियास नावाच्या बाईला भाड्यानं दिलं आणि स्वतः गाजराच्या केसांनी पळून गेली.

पुढचे दिवस वाईट गेले, हे मी थट्टा न करता सांगते. बाजारात लोक तिला नव्या नावानं हाक मारायचे आणि ती मागे बघायची, कुणाला बोलावताहेत म्हणून. एकदा मासेवाल्यानं "आंगुस्तियास!" अशी आरोळी ठोकली तेव्हा तिच्या हातातली पिशवी खाली पडली. मला म्हणाली, "आईला हाक मारल्यासारखं वाटलं. बसच्या थांब्यावरून." त्या रात्री भिंतीपलीकडून एकदाही पावलं ऐकू आली नाहीत, आणि मला झोप येईना. मी उठून तिचं दार वाजवलं. "जिवंत आहेस ना, लीता?" आतून उत्तर नाही. "आंगुस्तियास, जिवंत आहेस ना?" "आहे, जा," आतून आवाज आला.

पंधरा तारखेला तिच्या नावाचा दिवस. त्या दिवशी लोक देवमातेला फुलं घेऊन जातात, आणि ज्याचा नावाचा दिवस असतो तो चार माणसांना काही ना काही पाजतो. लीतानं आयुष्यात हा दिवस केला नव्हता. त्या वर्षी ती पांढरी फुलं घेऊन कारेरावर गेली, रांगेत उभी राहिली, आणि परत आल्यावर कोपऱ्यावरच्या बारमध्ये अख्ख्या जिन्याला वाइन पाजली. मारिबेलनं तीन पेले घेतले. बारवाल्यानं विचारलं, "कुणाचा दिवस आज?" लीतानं माझ्याकडे पाहिलं, मी मुद्दाम छताकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "माझा." बारवाल्याला नाव ऐकू आलं नाही, त्यानं परत विचारलं. तिनं परत सांगितलं, या वेळी मोठ्यानं, आणि पलीकडच्या टेबलावरच्या दोन म्हाताऱ्या उठून तिला मिठी मारायला आल्या. त्याही आंगुस्तियासच.

मिरवणुकीच्या रविवारीच नुरियाच्या कळा सुरू झाल्या. रस्ते माणसांनी फुललेले, टॅक्सी मिळेना, शेवटी सेसिलिओनं फळवाल्याची गाडी मागून घेतली. लीता आणि मी बोरांच्या पेटाऱ्यांमध्ये बसून मागे. हॉस्पिटलच्या बोळात ती टोकापासून टोकापर्यंत फिरत राहिली, आणि मी म्हटलं, बघ, चालायचं चुकलं नाहीच. बाहेरून मिरवणुकीचे ढोल ऐकू येत होते.

बऱ्याच वेळानं नर्स बाहेर आली. "आल्बाच्या आजी कोण? आत एकच जण जाईल. नाव सांगा."

लीता थांबली. त्या बोळात तिच्यापुढे कुणी नव्हतं, फक्त एक पांढरे कपडे घातलेली मुलगी हातात पेन घेऊन उभी. तरी मला दिसलं, तिची छाती आवळून आली होती. फादरांची चिंचोळी वाट, ती हीच असणार. मग तिनं सांगितलं, स्पष्ट: "आंगुस्तियास." आणि आत गेली.

आता आल्बा नऊ महिन्यांची आहे, नीट जेवते, आणि तिला कुठल्याही बिरुदाची पर्वा नाही. नुरिया सासूला अगं-तुगं करायला लागलीय. परवा ते सगळे आले होते. आंगुस्तियास नातीला कडेवर घेऊन जिन्यात वर-खाली, वर-खाली फेऱ्या मारत होती, आणि मी माझ्या दारात खुर्ची टाकून बसले होते. चौथ्या फेरीला मी तिची वाट अडवली.

"नवस फिटला, नाव घेतलंस, पोरगी धडधाकट आहे," मी म्हटलं. "आणि तरी तुझा पाय ठरत नाही. शेवटी नावाचाच गुण म्हणायचा, आंगुस्तियास."

ती म्हणाली, "नावाला गुण असता ना, कोन्सुएलो, तर या जिन्यात इतकी वर्षं राहून तू एकदा तरी कुणाला दिलासा दिला असतास. पाय आत घे, आम्हाला जायचंय."